कपाटाचा गुरुत्वमध्य

कपाट वाकलं तेव्हा घरात तीन माणसं होती, आणि तिघांनी त्याच्या तीन निरनिराळ्या हकिगती सांगितल्या.

तपासनीसांच्या बायकोचं म्हणणं असं, की तिने सकाळी कपाटाची दोन्ही दारं उघडली, खालचा खण ओढला आणि कपाट सरळ अंगावर आलं. तिने वेळीच वळून पाठ लावली नसती, तर त्या दिवशी घरात कपड्यांऐवजी दुसरंच काहीतरी आवरावं लागलं असतं. सासूबाईंचं, म्हणजे तिच्या आईचं, म्हणणं असं, की त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, त्यांना काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, आणि कपाट पहिल्यापासूनच तसं होतं. तिसरं म्हणणं खुद्द तपासनीसांचं. त्यांच्या मते कपाट वाकलंच नव्हतं. तसल्या कपाटाला वाकता येत नाही.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे, नोकरी होती. लोखंडी कपाटांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलाजवळ ते उभे राहत. तयार झालेलं प्रत्येक कपाट त्यांच्यासमोर येई, ते त्याला हाताने तीनदा हलवत, कान देऊन ऐकत आणि मग दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवत : ‘तपासले, योग्य’. खाली सही. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाच्या स्वभावातच चिठ्ठी येते. इमारतीत कोणी नवा पंखा आणला तरी तपासनीस खाली उभे राहून मान तिरकी करत, आणि त्यांनी मान सरळ केल्याशिवाय पंख्याच्या मालकाला चैन पडत नसे. शेजाऱ्यांनी त्यांचं मूळ नाव केव्हाच सोडून दिलं होतं.

आता वाकलेलं कपाट त्याच कारखान्याचं होतं. आरशाच्या दाराचं, सगळ्यांत खपाचं. त्याच्या दारावर आतून त्यांचीच चिठ्ठी होती.

“तुमची सही आहे म्हणून विश्वासाने उघडलं हो मी,” बायको पाठ चोळत म्हणाली. “नाहीतर जरा बाजूला उभं राहून उघडलं असतं.”

हे बोलणं त्यांना लागलं. त्यातून त्याच आठवड्यात मॅनेजरने त्यांना बोलावून सांगितलं होतं, की आरशाचं कपाट पुढे झुकतं अशा तक्रारी गिऱ्हाइकांकडून आल्या आहेत.

“गिऱ्हाईक वाटेल ते भरतं आणि आपल्या नावाने ओरडतं, हे मला कळतं,” मॅनेजर म्हणाला होता. “पण मालकांना पुरावा पाहिजे. दोष सामानाचा आहे हे येत्या रविवारपर्यंत दाखवून द्या. नाही दाखवलंत, तर दोष तपासणीचा धरावा लागेल. मग ते टेबल दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल. तुमच्यासाठी गोदामात जागा बघू.”

गोदाम म्हणजे कारखान्याची मागची बाजू. तिथे चिठ्ठ्या नव्हत्या, फक्त कपाटं होती. दुसऱ्याची सही असलेली कपाटं आयुष्यभर इकडून तिकडे सरकवायची, या कल्पनेने तपासनीसांना जेवण जाईना.

दोष सामानाचा. म्हणजे कोणाच्या सामानाचा? घरच्या कपाटात खाली चादरी होत्या, मध्ये कपडे होते, खणात किरकोळ वस्तू होत्या. हे सगळं तपासनीसांना पाठ होतं. पाठ नव्हता तो फक्त सगळ्यांत वरचा कप्पा. त्याला वेगळं कुलूप होतं, आणि त्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

सासूबाई लेकीकडे राहायला आल्या त्या दिवसापासून तो कप्पा त्यांचा होता. तपासनीसांनीच मोठ्या मनाने दिला होता. त्यात काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारणं बरं दिसलं नसतं. आणि ज्याअर्थी विचारणं बरं दिसलं नसतं, त्याअर्थी आत काहीतरी विचारण्यासारखं आहे, अशी त्यांची खात्री होत गेली होती. दुपारी कधी कामावरून लवकर आले, तर कप्प्याजवळ स्टूल दिसे आणि सासूबाई स्टुलापासून लांब, नको तितक्या शांत बसलेल्या दिसत. एकदा त्यांच्या बोटांना तेलाचा वास आला होता. तपासनीसांच्या मनात एकच विचार दबा धरून बसला होता : सोनं. नुसते दागिने नव्हेत. दागिन्यांनी कपाट वाकत नाही.

“आत काय आहे, जरा विचार ना आईंना,” त्यांनी बायकोला हळूच सांगून पाहिलं.

“तुम्हीच विचारा.”

“मी कसं विचारणार? मी जावई.”

“आणि मी मुलगी. मी विचारलं तर तुम्हीच पढवून पाठवलंत हे तिला लगेच कळेल.” एवढं बोलून बायको चहा टाकायला गेली. चहा नुकताच झाला होता. ही गोष्ट तपासनीसांनी मनात टिपून ठेवली.

विचारता येत नाही आणि उघडता येत नाही, अशा वेळी शहाणा माणूस विषय सोडून देतो. तपासनीसांनी मोजायचं ठरवलं. शाळेत कधीतरी शिकलेला गुरुत्वमध्य त्यांना आठवला. वस्तूचं सगळं वजन जणू एकाच बिंदूत गोळा झालेलं असतं, तो बिंदू. तो बिंदू पायांच्या आत असेपर्यंत वस्तू उभी राहते, पायांच्या पुढे गेला की पडते. कपाटाचा हा बिंदू शोधून काढायचा. तो वरच्या कप्प्याकडे ओढलेला निघाला, की कुलूप न उघडता, कोणाला न दुखावता, लोखंडी कपाटाने स्वतःच साक्ष दिली असं होईल. त्यासाठी एक यंत्र लागणार होतं. असं यंत्र बाजारात मिळतं का याची त्यांनी चौकशी केली नाही. मिळालं असतं तर वाईट वाटलं असतं.

यंत्राची रचना त्यांनी पलंगाखालच्या फरशीवर खडूने काढली. जाड फळी, तिच्याखाली तीन वजनकाटे, पुढे दोन आणि मागे एक. कपाट फळीवर उभं करायचं, कुठल्या काट्यावर किती भार येतो ते बघायचं, की बिंदू सापडला. बायकोने संध्याकाळी फरशी पुसली, त्यामुळे रचना पुन्हा काढावी लागली आणि दुसऱ्या वेळी ती अधिक सुबक आली.

फळीसाठी ते सुताराकडे गेले. सुताराने लांबी ऐकली, रुंदी ऐकली, “वजन पेललं पाहिजे, माणसापेक्षा जास्त” हे ऐकलं आणि हातातली पेन्सिल कानावर ठेवली.

“घरात सगळे बरे आहेत ना?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“सगळे उत्तम. का?”

“नाही, म्हातारं माणूस आहे घरात म्हणून विचारलं. घाई असेल तर आधी तुमचं करतो.”

“घाई आहे. रविवारच्या आत पाहिजे.”

सुताराने मान हलवली ती अशी, की तपासनीसांना घरी जाईपर्यंत चुटपुट लागून राहिली. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या दोघीतिघी सासूबाईंच्या तब्येतीची विचारपूस करून गेल्या. ठणठणीत बसलेल्या सासूबाईंनी त्या प्रत्येकीकडे आधी संशयाने पाहिलं आणि शेवटी जावयाकडे.

काट्यांची जुळवाजुळव त्याहून अवघड गेली. एक काटा घरचाच होता. बायको त्यावर रोज उभी राहायची आणि आकडा कोणाला सांगायची नाही. “त्याच्यावर कपाट चढवाल तर नंतर तो माझ्याशी खरं बोलेल का?” असं ती म्हणाली, पण दिला. दुसरा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दवाखान्यातला जुना दिला. देताना त्यांनी तपासनीसांची नाडी पाहिली. तिसरा मिळाला भंगारवाल्याकडे. त्यासाठी भंगारवाल्याला दाराशी बोलवावं लागलं आणि त्याच्याशी बरंच बोलावं लागलं. बोलता बोलता तपासनीसांनी एकदोनदा घरात, कपाटाच्या दिशेने हात केला. आत सासूबाई उभ्या होत्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या.

यंत्र उभं राहिल्यावर त्याची चाचणी घेणं आलं. तपासनीसांनी आधी फळीवर स्टूल ठेवून त्याचा गुरुत्वमध्य काढला. मग उशीचा काढला, तिथे तो असून नसल्यासारखा निघाला. मग स्वतः उताणे पडून स्वतःचा काढला. तो पोटाच्या जवळ निघाला, तोही अपेक्षेपेक्षा पुढे. हा आकडा त्यांनी लगेच पुसून टाकला. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरात जायला निघाल्या आणि वाट अडलेली पाहून फळीवरूनच चालत गेल्या. तिन्ही काटे एकापाठोपाठ हलले. तपासनीस वाकून बघत होते.

सासूबाई फळीच्या मध्यावर थांबल्या.

“माझं वजन करताय?”

“छे, छे, आई. तुम्ही आपल्या सहज मध्ये...”

“मी किती खाते ते बघायचं असेल तर ताटाला काटा लावा. माणसाला कशाला लावता?”

“अहो, हे कपाटासाठी आहे!”

“कपाटासाठी?” त्यांनी क्षणभर कपाटाकडे आणि नकळत कमरेच्या किल्लीकडे पाहिलं. “कपाटाने काय खाल्लंय?”

आणि त्या फळीवरून उतरल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. तपासनीसांनी तेही टिपलं. आतापर्यंत टिपलेल्या गोष्टी एकाच बाजूला झुकत होत्या.

अशा कामात शेजाऱ्यांना लांब ठेवणं शक्य नसतं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त विज्ञानशिक्षक राहत, त्यांना सगळे मास्तर म्हणत. फळा सुटल्यापासून ते समोर येईल त्याला शिकवत असत. ते यंत्राभोवती दोन फेऱ्या घालून म्हणाले, “मांडणी बरी आहे. पण यातून बिंदू पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे, एवढंच कळेल. तो वर आहे की खाली, हे कळणार नाही.”

“पण मला वरचंच पाहिजे!”

“मग कपाट तिरकं करावं लागेल. तिरकं केल्यावर भार किती सरकतो, त्यावरून उंची निघते.”

“म्हणजे कपाट तिरकं केल्यावर पडतं का, हे बघायला कपाट तिरकं करायचं?”

“विज्ञान असंच असतं,” मास्तर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्यानंतर रविवारपर्यंत ती खुर्ची त्यांचीच झाली.

इमारतीचा सेक्रेटरी वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ होता. त्याच्या कानावर एवढंच आलं होतं, की तपासनीसांच्या झोपायच्या खोलीत तीन वजनकाटे आहेत आणि भंगारवाला ये-जा करतो. तो दाराशी आला, आत न येता मान आत घातली आणि विचारलं, “काय विकताय?”

“काही विकत नाही. गुरुत्वमध्य मोजतोय.”

“कोणाचा?”

“कपाटाचा.”

सेक्रेटरीने थोडा विचार केला. “राहत्या जागेत धंदा करायला समितीची परवानगी लागते. मोजमापाचा असला तरी.”

“हा धंदा नाही हो.”

“सगळे सुरुवातीला असंच म्हणतात,” सेक्रेटरी म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी वजनमापे खात्याचा निरीक्षक आला. कोणीतरी कळवलं होतं. कोणी कळवलं हे निरीक्षकाने सांगितलं नाही, पण सेक्रेटरी त्याला जिन्यापर्यंत सोडायला आला होता.

निरीक्षक सभ्य होता. त्याने बूट बाहेर काढले, काट्यांपुढे गुडघ्यावर बसला आणि एकेकाला बोटाने दाबून पाहिलं. घरच्या काट्याकडे त्याने दुर्लक्ष केलं. दवाखान्याच्या काट्यावर खात्याचा शिक्का होता. भंगारवाल्याच्या काट्यावर नव्हता.

“हा व्यापारी काटा आहे. शिक्का नाही. वापरता येणार नाही.”

“पण मी व्यापार करत नाही.”

“मग व्यापारी काटा कशाला?”

“कपाटासाठी.”

“कपाट कोणाला विकणार?”

“अहो, माझंच कपाट आहे! मीच ते तपासून पास केलंय.”

निरीक्षकाने मान वर केली. एका तपासणाऱ्या माणसाने दुसऱ्याकडे पाहावं तसं त्याने पाहिलं. त्यात सहानुभूती होती, पण सूट नव्हती. “तुमचं पास झालेलं कपाट तुम्ही नापास काट्यावर पुन्हा तपासणार. मग तपासणी कुठली खरी धरायची?”

निरीक्षकाने काट्याला तार गुंडाळली, तारेला मोहोर लावली आणि तो जागेवरून हलवायचा नाही अशी ताकीद दिली. काटा नेमका दाराच्या वाटेत होता, तेव्हापासून घरातले सगळे त्याला वळसा घालून जाऊ लागले.

तपासनीस पलंगावर डोकं धरून बसले. रविवार उद्यावर आला होता आणि यंत्राचा एक पाय सरकारजमा झाला होता. मास्तर खुर्चीतून म्हणाले, “दोन पुरेत.”

“काय?”

“कपाट पुढे पडतं ना? बाजूला पडत नाही ना? मग डावं-उजवं कशाला मोजता? एक काटा पुढच्या पायांखाली, एक मागच्या. मागच्या काट्यावर वजन दिसतंय तोवर कपाट मागे टेकून आहे. तो शून्यावर आला की कपाट निघालं.”

“मग इतके दिवस तिसरा काटा कशाला होता?”

“मला वाटलं, तुम्हाला आवडतोय.”

रविवारी सकाळी मॅनेजर आला. त्याने आपण सहज आल्यासारखं दाखवलं, पण चहा नको म्हणाला, यावरून तपासनीस काय ते समजले. सेक्रेटरीही आला, इमारतीच्या जमिनीवर किती भार पडतो हे बघणं त्याचं कामच होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या.

चौघांनी मिळून कपाट फळीवर चढवलं. पुढचे पाय बरोबर पुढच्या काट्यावर. खबरदारी म्हणून कपाटाला मागून दोर बांधला आणि तो सेक्रेटरीच्या हातात दिला. काही झालं तर जबाबदारी समितीची नाही, हे त्याने दोनदा सांगून मग दोर घट्ट धरला. तपासनीसांनी दारं उघडली आणि पोटावर आडवे होऊन मागचा काटा वाचला.

“जेमतेम. पण आहे. उभं आहे.”

“म्हणजे दोष नाही?” मॅनेजर.

“थांबा. आता तिरकं करू.”

दारं लावून कपाटाच्या पुढच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे सारले. कपाट मागे कललं. आणि त्याच क्षणी वरच्या कप्प्यातून आवाज आला. आधी घसरल्याचा, जड आणि सावकाश. मग मागच्या पत्र्यावर दण्णकन आदळल्याचा. सेक्रेटरीने दोर सोडला. सासूबाईंची पाठ ताठ झाली.

“हे काय होतं?” मॅनेजरने विचारलं.

तपासनीसांनी ठोकळे काढायला लावले, दारं पुन्हा उघडली, पुन्हा पोटावर झाले. मागच्या काट्याचा आकडा चांगला वाढला होता. कपाटात काही घातलं नव्हतं, काही काढलं नव्हतं, तरी कपाट आधीपेक्षा मागे टेकलं होतं.

“आत काहीतरी जड आहे आणि ते मागे सरकलं,” ते उठत म्हणाले. आवाज शांत ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. इतक्या वर्षांचा संशय असा आकड्यात उभा राहिलेला पाहायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

“मग उघडा,” मॅनेजर म्हणाला.

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. सासूबाई उठल्या. कोणाकडे न बघता त्यांनी किल्ली काढली, लेकीच्या हातात दिली आणि परत बसल्या. बायको स्टुलावर चढली. कुलूप इतक्या सवयीने उघडलं, की तपासनीसांनी बायकोकडे एकदम नव्या नजरेने पाहिलं. जुन्या कपड्याचं मोठं गाठोडं तिने दोन्ही हातांनी पुढे ओढलं. मास्तरांनी आणि मॅनेजरने मिळून ते खाली उतरवलं. गाठ सोडली.

आत शिवणाची मशीन होती. पाय नसलेली, नुसता वरचा लोखंडी भाग. काळी, चकचकीत, तेलपाणी केलेली.

“तुला ठाऊक होतं?” तपासनीसांनी बायकोला विचारलं.

“मीच चढवायला मदत केली होती.”

“आणि मला तू चिठ्ठीवरून बोलत होतीस!”

“मग काय सांगू? आई आली त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात आठवतंय? ‘आता शिवण बंद. हे धूड घरात कशाला? आराम करा.’ मग ती दिसेनाशी झाली, तर कुठे गेली हेही विचारलं नाहीत.”

“मी प्रेमाने म्हणालो होतो!”

“तुमच्या प्रेमात धूड हा शब्द होता,” सासूबाई खिडकीकडे पाहतच म्हणाल्या. “या मशीनवर मी तुमच्या बायकोला लहानाची मोठी केली. परवा तुम्ही भंगारवाल्याला कपाट दाखवत होतात. त्याच दिवशी मी ती पुढे ओढून ठेवली होती. उचलून कुठे न्यावी, हे कळत नव्हतं. म्हातारीच्या हाताने किती लांब जाणार?”

“आणि त्याच्या आधी? कपाट वाकलं तेव्हा?”

“तेव्हा तेल घालायला पुढे ओढली होती. मागे ढकलायची राहिली.”

मॅनेजर खाकरला. घरगुती बोलण्यात त्याला रस नव्हता, पण चेहरा खुलला होता. “चला. सुटला प्रश्न. डोक्यावर एवढं लोखंड ठेवल्यावर कपाट झुकणारच. दोष सामानाचा. मालकांना मी सांगतो. तुमचं टेबल तुमच्याकडेच राहील.”

सेक्रेटरीने दोर गुंडाळायला घेतला. मास्तर खुर्चीतून उठले. बायकोने आता खरोखरचा चहा टाकला. तपासनीसांचा मान, टेबल, सही, सगळं जागच्या जागी परत आलं होतं, आणि त्यांनी एवढंच करायचं होतं की मॅनेजरला दारापर्यंत सोडायचं.

“एक मोजणी राहिली,” ते म्हणाले.

“कसली?”

“रिकाम्या कप्प्याची. मशीन काढल्यावर किती फरक पडतो, ते बघायला पाहिजे. त्याशिवाय पुरावा पुरा होत नाही.”

“अहो, राहू दे की,” बायको आतून म्हणाली.

“राहू द्या,” मास्तरही म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मास्तरांनी बहुधा मनातल्या मनात हिशेब केला होता. पण अर्धी तपासणी करून सोडणं तपासनीसांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी सेक्रेटरीच्या हातात दोर परत दिला, दारं लावून घेतली आणि आता सगळ्यांना दिसेल अशा ऐटीत ती दोन्ही एकदम उघडली.

मागचा काटा शून्यावर आला. मग कपाटाचे मागचे पाय सावकाश फळीवरून उचलले गेले. आरशात मॅनेजरचा चेहरा मोठा होत होत जवळ आला. “धरा!” असं सगळे एकदम ओरडले. सेक्रेटरीने मात्र, समितीच्या इतिहासात प्रथमच, जबाबदारी घट्ट धरून ठेवली आणि कपाट दोरावर लटकत थांबलं.

दारं लावून ते पुन्हा जागेवर बसवल्यावर मास्तरांनीच सांगितलं. त्यांना सांगायचं नव्हतं, पण शिकवल्याशिवाय राहवलंही नाही. दार उघडलं की आरशाचं सगळं वजन पुढे जातं. ते पेलायला कपाटाच्या मागे पुरेसा भार नाही. वर मागच्या अंगाला मशीन होती, म्हणूनच हे कपाट इतकी वर्षं उभं राहिलं. सासूबाईंनी ते पाडलं नव्हतं. धरून ठेवलं होतं.

“पण तुम्ही तर प्रत्येक कपाट तीनदा हलवून बघता!” मॅनेजर म्हणाला.

“बघतो.”

“मग?”

तपासनीसांनी कपाटाच्या मिटलेल्या दारावर हात ठेवला. “दारं बंद ठेवून बघतो,” ते म्हणाले. “रंग ओला असतो. दार उघडलं तर ओरखडे पडतात म्हणून उघडायचं नाही, असा नियम आहे. मी आल्यापासून आहे.” मग त्यांनी मागच्या काट्याकडे बोट केलं. “दोष सामानाचा नाही साहेब. कपाटाचा आहे. आणि तपासणीचा.”

“हे तुम्ही आत्ता मला सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं.”

“मलाही कळलं नसतं.”

मॅनेजर दारापर्यंत गेला, मोहोर लावलेल्या काट्याला अडखळला, सावरला आणि वळला. “उद्या लवकर या. टेबलाचं काय करायचं ते मालक ठरवतील.” जरा थांबून त्याने खोलीकडे पाहिलं. “आणि येताना ती फळी आणा. टेंपो पाठवतो.”

“फळी?”

“गोदामात आरशाची कपाटं भरून ठेवली आहेत. प्रत्येक उघडून बघावं लागेल. आणि हे चालवायचं कसं, ते दुसऱ्या कोणाला येत नाही.”

तो गेला. मागोमाग सेक्रेटरी गेला, त्याला दोराची हवी तेवढी वाहवा मिळाली नाही म्हणून जरा नाराज होऊन. मास्तर गेले. खोलीत फळी होती, कपाट होतं, जमिनीवर मशीन होती आणि तपासनीस होते. चहा निवत होता.

सासूबाई खिडकीपासून वळल्या. “गप्प राहिला असतात तर सुटला होतात.”

“हो.”

“एका काट्यासाठी स्वतःच्या तोंडाने स्वतःला नापास केलंत. आणि एवढं खरं बोलणाऱ्या माणसाला, आत काय आहे आई, एवढं विचारायला इतकी वर्षं तोंड नव्हतं?”

“तुम्हाला सांगायला काय झालं होतं?”

“मला वाटलं, तुम्ही विकून टाकाल.”

तपासनीस जमिनीकडे बघत म्हणाले, “मला वाटलं, सोनं आहे.”

सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारं मिटलेल्या कपाटाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत आहेत हे तपासनीसांच्या जरा उशिरा लक्षात आलं, कारण या घरात त्यांना हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. बायको चहाचा कप घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

“अहो जावईबापू,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “सोनं असतं, तर मी ते तुमच्या कपाटात ठेवलं असतं का?”